मामींच्या विटा

परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वर काढलं, तेव्हापासून आजवर या पट्टीत हट्टी माणसांचं पीक कधी बुडालेलं नाही. आंब्याला मोहर येवो न येवो, या पिकाला दर वर्षी बहर. पण मोडलेली वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा ती वस्तू बनवणारा कारखाना आपल्या डोक्यात नव्याने उभारणं सोपं, असं मनापासून मानणारा माणूस या भूमीत एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या पदरात पडला. म्हणजे माझे साडू. साडू हे नातं कोणी निवडून घेत नाही. पंगतीत शेजारच्या पानावर कोण येऊन बसेल हे जसं आपल्या हातात नसतं, तसंच हेही. मला मिळालेले साडू जेवता जेवता वाढप्याच्या हातातली बादली उलटी करून तिचं बूड कसं जोडलंय ते बघणाऱ्यांपैकी होते.

ते मिठबावला सासुरवाडीतच राहत. मेहुणा बोटीवर, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर नोकरीला. तो दोन वर्षांतून एकदा उगवणार. घरात पुरुषमाणूस हवं म्हणून लग्नानंतर सहा महिन्यांसाठी हे तिथे राहायला गेले, ते सहा महिने अजून संपायचे होते. काम बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. मशीन चालू करायचं, काटे बघायचे आणि लाद्या निघेपर्यंत बसून राहायचं. बसून राहण्याचा पगार घेणारा माणूस पुढे काय करील ते सांगता येत नाही, हे मालकाच्या लक्षात यायला हवं होतं. थंडीत वावरून साडूंच्या अंगाचं हवामानच बदललेलं. मे महिन्यात मिठबावात कुत्रीसुद्धा माडाच्या सावलीबरोबर सरकत असतात, तेव्हा आमचे साडू बिनबाह्यांचा स्वेटर आणि माकडटोपी घालून अंगणात उभे. नव्या पाहुण्याला वाटे, तापबीप असेल. विचारलंच तर म्हणत, "गरम होता, पण सवय मोडूची नाय. उद्या ड्युटी आसा."

घरात खातेवाटप ठरलेलं होतं. ज्याला वायर आहे ते साडूंचं, आणि ज्याला शिक्का लागतो ते माझं. मी कुडाळला सरकारी कचेरीत, त्यामुळे रेशनकार्ड, सातबारा, वीजबिलाची तक्रार, दवाखाना, सगळं माझ्याकडे. वायरवाल्या खात्याचा कारभार कसा चाले त्याचा एकच दाखला देतो. आमच्या लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून मी ते मोठ्या विश्वासाने मिठबावला नेलं. त्यांनी ते पंधरा दिवसांत परत दिलं, आणि आजतागायत ते मिनिटभरही मागे पडलेलं नाही. फक्त ते उलटं टांगावं लागतं. सोबत कागदाच्या पुडीत तीन स्क्रू. हे कुठले, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कंपनी घाबरान जास्तीचे घालता." हा माणूस घरात आहे हे ठाऊक असूनही मेहुण्याने तो खेळ घरात आणला, याला काय म्हणावं!

खेळ म्हणजे हातात मावणारं, जुन्या साबणाच्या वडीएवढं राखाडी यंत्र. गेल्या शतकाची शेवटची एक-दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. वर हिरवट पडदा, खाली चार बटणं आणि मागे खाचेत बसवायची एक चपटी डबी. त्या डबीत खेळ. पडद्यावर वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून फटी न ठेवता रचायच्या. ओळ भरली की ती नाहीशी होते. मेहुण्याने तो भाच्यांसाठी म्हणून आणला आणि परत बोटीवर गेला. भाचे दोन दिवस खेळून कंटाळले. तिसऱ्या दिवशी मामींनी तो हातात घेतला. मामी म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणायची रीत. वय साठीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत.

आता मामींची एक ख्याती सांगायला हवी. आंब्याची पेटी भरण्यात त्यांचा हात धरणारं मिठबावात कोणी नव्हतं. गवत अंथरायचं, मोठं फळ कुठे, लहान कुठे, देठ कुठल्या अंगाला, हे सगळं त्यांची बोटं ठरवत. त्यांनी भरलेली पेटी ट्रकमधून फोंडाघाट चढून गेली तरी आतला आंबा हलत नसे. असली बाई आणि असला खेळ! वरून पडणारी वीट अर्ध्यावर यायच्या आत तिची जागा ठरलेली. त्यांनी विटांना नावंसुद्धा ठेवली. लांब ती 'दांडो', चौकोनी तो 'पाट', तीन तोंडांची ती 'तिठो', मग 'कोयती' आणि 'डावरी कोयती', 'पायरी' आणि 'उलटी पायरी'. दुपारची भांडी झाली की पडवीत खांबाला टेकून मामी, हातात ते यंत्र, आणि त्यातून येणारी ती टुणटुण धून. माझी बायको म्हणायची, "बाबा गेल्यापासून आयेक अशी बसलेली बघूक नाय होतंय." मुलगा समुद्रावर कुठेतरी, पण त्याने दिलेलं काहीतरी हातात वाजतंय, एवढ्यावर त्या माउलीच्या दुपारी निघत होत्या.

खाऱ्या हवेपुढे मात्र कोणाचं काही चालत नाही. दोन-तीन वर्षांत यंत्राच्या आतल्या पितळेवर हिरवा गंज चढला आणि खेळ मध्येच बंद पडू लागला. वायर असलेली वस्तू. साडूंनी ती ताब्यात घेतली. रॉकेलने पुसली, आणि सुकायला म्हणून अंगणातल्या तापलेल्या खळ्यावर, गोलम्याच्या, म्हणजे बारीक कोलंबीच्या, सुकटीशेजारी ठेवून ड्युटीवर गेले. उन्हात सुकट चांगली सुकली. यंत्राचा पडदा मात्र काळाठिक्कर पडला, तो कायमचा. संध्याकाळी त्यांनी स्वतःच जाऊन मामींना सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. दोन दिवस मामी फक्त जेवायला वाढायचं तेवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी साडू त्यांच्यासमोर उभे राहिले. "मामी, यंत्र मेला, पण डबी जिती आसा. माका वायच टायम दिया. मी तुमका तोच खेळ परत देतंय."

हा 'वायच टायम', म्हणजे थोडासा वेळ, सहा वर्षांचा होता.

मी व्यवहारी माणूस. जत्रेत मिळतो तसला स्वस्तातला विटांचा खेळ घेऊन मी पुढच्याच आठवड्यात मिठबावला गेलो. मामींनी तो तीन मिनिटं हाताळला आणि परत दिला. "जावयानू, हो तो नाय. हेच्यात दांडो पडता तो जड पडणा नाय." मेहुण्याने पुढच्या खेपेला रंगीत पडद्याचं नवंकोरं यंत्र आणलं. त्यातही विटा होत्या, शिवाय फुगे, फुलं, नाचणारं माकड. मामी म्हणाल्या, "बरां आसा," आणि नातवंडांना देऊन टाकलं. तेव्हा आता आशेचं एकच स्थान उरलं, ते स्वेटर घालून बर्फाच्या कारखान्यात बसलं होतं.

साडूंनी मोडीतला एक कॉम्प्युटर आणून त्यावर जे करायला घेतलं त्याला एम्युलेटर म्हणतात, असं ते मला सांगत. मला कळेना, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने समजावलं. "दशावतारात राजो होता तो दिसभर भात लावता की नाय? रातीक मुकुट घातल्यान की राजो. राजासारखो चलता, राजासारखो बोलता. तसा हो कॉम्प्युटर त्या यंत्राचा सोंग घेतलो. डबीक कळाचाच नाय आपण खंय आसंव ता." ऐकायला झकास होतं. फक्त राजाचा पार्ट पाठ करायचा म्हणजे त्या यंत्राच्या मेंदूला कळणारे पाचशे हुकूम एकेक करून लिहायचे होते, आणि लिहिणाऱ्याने कॉम्प्युटरचं शिक्षण कणकवलीला दर रविवारी तीन महिने, एवढंच घेतलेलं. तिथले सर चौथ्या रविवारपासून यांना शंका विचारू लागले होते.

देवगडला एक इंटरनेटचं दुकान होतं. तिथे आठवड्यातून एकदा तासभर बसून ते त्या पाचशे हुकुमांच्या यादीचे कागद छापून आणत आणि कारखान्यातल्या रद्दी फॉर्मांच्या मागे स्वतःच्या अक्षरात उतरवून काढत. ते फॉर्म पडवीच्या भिंतीवर भाताची खळ लावून चिकटवलेले. मुंग्यांनी दोन-चार हुकूम खाल्ले, ते पुन्हा आणावे लागले. फिनलंडमधला कोणी एक गृहस्थ त्यांना अडलेल्या जागी इंटरनेटवरून पत्राने मदत करी. सहा ओळी इंग्रजी जुळवायला यांना आठवडा लागे. तिकडून उत्तर येई चार शब्दांचं. ते चार शब्द वाचून साडू कपाळाला हात लावत आणि हसत सुटत. कृतज्ञता म्हणून त्यांनी त्या भल्या माणसाला पोस्टाने कोकमं पाठवली. पुढच्या पत्रात त्याने विचारलं, की हे खायचं असतं की लावायचं? डबीतला खेळ कॉम्प्युटरमध्ये उतरवण्यासाठी त्यांनी प्रिंटर जोडायच्या भोकाला छत्तीस वायरींचं एक जंजाळ जोडलं, तेव्हा माझी मेहुणी म्हणाली, "आमच्या संसारात येक प्रिंटर येतलो अशी आशा होती, तीव गेली."

पहिल्यांदा खेळ सुरू झाला तो दिवस मला आठवतो, कारण मी त्या दिवशी दुपारी पोहोचलो तेव्हा वरून एक वीट निघाली होती, आणि माझं जेवण, विडा आणि डुलकी होऊन मी उठलो तेव्हा ती निम्म्यावर आली होती. माल भरलेला ट्रकसुद्धा फोंडाघाट याहून वेगाने चढतो, असं मी म्हणालो. साडू शांतपणे म्हणाले, "चढता मां? मगे झाला." मग एक नवाच घोटाळा. खेळ सुरू होई आणि आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पाच महिने! शेवटी कळलं की त्या यंत्रात बटण दाबलं म्हणजे शून्य आणि न दाबलेलं म्हणजे एक, असा उफराटा हिशेब असतो. साडूंनी सरळ माणसासारखा सरळ हिशेब लिहिलेला, त्यामुळे बिचाऱ्या खेळाला वाटे की कोणीतरी चारही बटणं एकदम दाबून धरली आहेत आणि 'पुन्हा सुरू कर' म्हणतंय. काम केलं नाही म्हणजे एक, आणि केलं म्हणजे शून्य! आमच्या कचेरीत हा हिशेब वर्षानुवर्षं चालतो. त्यांनी मला आधी विचारलं असतं तर पाच महिने वाचले असते.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत फक्त पाट पडले. चौकोनी विटेमागे चौकोनी वीट. मामींना बोलावून बसवलं, त्यांनी दहा-बारा पाट मांडले आणि म्हणाल्या, "सगळे पाटच रे. लगीन खंयचा आसा?" पुढे फिनलंडचे चार शब्द आले तेव्हा उलगडा झाला. कुठली वीट टाकायची हे तो खेळ यंत्राच्या आतल्या घड्याळाकडे बघून ठरवतो, आणि साडूंनी घड्याळ लिहिलंच नव्हतं. घड्याळ या वस्तूशी त्यांचं पूर्वीपासून वाकडंच. ते मला फोनवर हे सांगत होते आणि मी आमच्या उलट्या टांगलेल्या घड्याळाकडे बघत होतो.

आणि आवाज? तो नव्हताच. मुका खेळ. मी विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "आवाज मगे बघूया. आधी दिसाक व्हया." चित्र जसंच्या तसं, विटेची कड न् कड, हा त्यांचा ध्यास होता. आवाज म्हणजे पंगत उठल्यावरचं दक्षिणेचं काम.

या सगळ्या वर्षांत परीक्षक एकच, मामी. यंत्राचा खरा वेग कुठल्या पुस्तकात सापडला नाही असं नाही, पण साडूंचा पुस्तकावर भरवसा नव्हता. मामी खुर्चीवर ताठ बसत, चार विटा रचत आणि निकाल देत. "वायच घायेत आसा." "आता आळसावलो." "दांडो अजून हलकोच पडता." साडू मान खाली घालून लिहून घेत. इतक्या वर्षांच्या सहवासाने त्या त्यांना 'तू' म्हणू लागल्या होत्या, रागावत होत्या, डोक्यात टपली मारत होत्या. मी थोरला जावई. मला अजून 'तुमी' आणि पाटावर बसवून वडे-सागोती. खरं सांगतो, त्या टपलीचा मला हेवा वाटे, आणि हेवा वाटला की मी आणखी चेष्टा करी. कुडाळच्या कचेरीत साडूंचे किस्से सांगून मी चहा वसूल करत असे. वर्षानुवर्षं एकच खेळ बनवणारा माणूस, म्हटलं की टेबलं हसायची.

खेळ जवळपास उभा राहिला त्या सुमारास मामींनी एक नवी चूक काढली. "कडेच्या इटा दिसनत नाय. डाव्या कडेची पडता आणि गायब जाता." साडूंनी बघितलं, त्यांना तर वीट दिसत होती. पण परीक्षकाचा निकाल तो निकाल. त्यांनी चित्राचा सगळा भाग उकलून पुन्हा लिहिला. मामी म्हणाल्या, "नाय." पुन्हा लिहिला. "आता उजवे बाजूची पण नाय." आठ महिने ते त्या न दिसणाऱ्या विटांच्या मागे होते. फिनलंडवाल्याने पहिल्यांदाच चारापेक्षा जास्त शब्द लिहिले, की तुमच्या प्रोग्रामात मला काही चूक सापडत नाही. मी या प्रकरणाला 'गायब विटांचा भ्रष्टाचार' असं नाव ठेवलं होतं, आणि बांधकाम खात्यातल्या एकाला हे सांगून मी त्याला ठसका लागेपर्यंत हसवलं होतं.

मग वैशाखातल्या एका सकाळी कचेरीत फोन आला. साडूंचा आवाज नेहमीचा नव्हता. "दादानू, माझ्या प्रोग्रामात चूक नाय."

मी म्हटलं, "अभिनंदन. सत्कार कधी ठेवायचा?"

"आयका तरी. खेळ पडद्याच्या मदी आणलंय, उजवीकडे नेलंय, डावीकडे नेलंय. जंय नेलंय थंय मामींची कड गायबच. मगे कॉम्प्युटर बंद केलंय. टेबलार पाच आंबे वळीत मांडलंय आणि म्हटलंय, मामी, मदल्या आंब्यार नजर ठेवा आणि सांगा कितके आसत. मामी म्हणाली, तीन."

मला एकदम चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. मामी मला म्हणाल्या होत्या, "जावयानू, कडेन वायच काळोख दिसता. डाक्टराक दाखवक व्हया काय?" दवाखाना माझं खातं. मी पान खात होतो. म्हणालो, "मोतीबिंदू असेल मामी. पिकल्याशिवाय काढत नाहीत. पिकू दे, मग बघू." पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आंब्याचे दिवस होते, मग पाऊस, मग कचेरीतली तपासणी. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडून दिलं. आम्ही देवगडच्या बाजूची माणसं, पिकायला ठेवणं आम्हाला फार छान कळतं. मी मामींचे डोळे चार वर्षं गवतात घालून ठेवले होते. घरात कोणाला काही कळलं नाही, कारण पेटी त्या बोटांनीच भरत होत्या आणि त्यांच्या पेटीतला आंबा तेव्हाही हलत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कोल्हापूरला नेलं. घाट चढताना त्या खिडकीशी बसून म्हणाल्या, "किती बेगीन आणलास जावयानू, रजा काढूक लागली असतली." बेगीन म्हणजे लवकर. डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. तो पिकत नाही, तो कडेकडेने खात आत येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. उरलंय ते राखायला थेंब दिले. मग मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "तीन-चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. इतकी वर्षं मी एका माणसाच्या दिरंगाईवर हसलो. आणि त्याने तेवढ्या वर्षांत निदान काहीतरी बांधलं होतं. माझ्या हातून त्याच वर्षांत काय झालं ते मी कचेरीत कोणाला सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

थेंब घालूनही पुढच्या वर्षभरात उरलेली फट मिटत गेली. आणि विधात्याचा विनोद असा, की त्याच वर्षी साडूंचं चित्र पुरं झालं. विटेची कड न् कड. तो हिरवट रंगसुद्धा त्यांनी हुबेहूब आणला. मामींना खुर्चीवर बसवलं. त्यांनी पडद्याकडे तोंड केलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "चालू केलंस? मगे आवाज खंय रे?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून आत चहा ठेवायला गेलो.

आवाज त्यांनी तीन महिन्यांत केला. फिनलंडवाल्याच्या मते हे काम चित्राहून अवघड असतं. मी दर रविवारी जात होतो; मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण चहा करता येत होता. ती टुणटुण धून प्रथम वाजली तेव्हा मामी माजघरातून भिंत चाचपत बाहेर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता ऐकतील. पण साडूंना नुसतं ऐकवायचं नव्हतं. "यंत्र आपला आसा," ते म्हणाले. "आतमदी कसली इट येता ता माका आधीच दिसता. मामीक सांगलंय की झाला." म्हणजे येणाऱ्या विटेचं नाव कॉम्प्युटरनेच बोलायचं, आणि मामींनी वीट खाली ढकलेपर्यंत ती वरच थांबायची. वीट डाव्या भिंतीला नेऊन लावायची, मग टकटक मोजत उजवीकडे. रचलेलं सगळं डोक्यात ठेवायचं. मी म्हटलं, "जमेल त्यांना?" मामी खांबाला टेकूनच म्हणाल्या, "पेटी भरताना मी काय बघी होतंय?"

प्रश्न राहिला आवाज कोणाचा. साडूंनी आपला दिला, तर मामी म्हणाल्या, "ह्येका सर्दी झालेली आसा, माझ्या इटा बिघडतत." मग त्यांनी माइक माझ्यासमोर धरला. सात नावं. मी घसा साफ करून म्हणालो, दांडो. साडू म्हणाले, "कचेरीत बोलतास तसो नको. घरात बोला." चाळीस वेळा म्हणवून घेतलं. दांडो, पाट, तिठो, कोयती. शेवटी कंटाळून मी जो साधा आवाज काढला तो त्यांनी घेतला. हे असलं यंत्र जगातल्या कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही, आणि मूळ यंत्र खळ्यावर भाजलं नसतं तर कधी झालंही नसतं. हे मी साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "तसा बोला नको. सुकट चांगली झाली होती, इतक्याच."

पहिल्या दिवशी मामींनी एक ओळ भरली. दोन महिन्यांनी वीस-वीस भरू लागल्या. साडू आता तो प्रोग्राम उघडून बसत नाहीत. करायचं काही उरलं नाही म्हणून जरा उदासच असतात, असं मेहुणी सांगते. स्वेटर मात्र आहे.

गणपतीनंतर एकदा मी न कळवता गेलो. दुपारची वेळ. साडू ड्युटीवर, मेहुणी मागच्या दारी. पडवीत मामी एकट्याच, पडद्याकडे पाठ करून, हात मांडीवरच्या कीबोर्डवर. मी दारात चप्पल काढत होतो तोच माझाच आवाज मला ऐकू आला. "कोयती." मामी पुटपुटल्या, "कोयती कसली दितस मेल्या? दांडो दी." माझा आवाज म्हणाला, "पाट." "परत पाट! कोणाचा लगीन जुळयलंस?" मला त्या आजवर कधी 'तू' म्हणाल्या नव्हत्या, आणि इथे माझी अशी कानउघाडणी चालली होती, की मला तिथून हलवेना. विटा वर चढत गेल्या. मामींचा श्वास जोरात होऊ लागला. डावीकडे एकच घर मोकळं उरलं असावं, कारण त्या नुसत्या थांबून होत्या.

"दांडो," माझा आवाज म्हणाला.

मामींनी वीट भिंतीला नेली आणि सोडली. चार ओळी एकदम गेल्याची ती लांब धून वाजली. मामींचा चेहरा सुटला आणि त्या हसल्या.

"इलंस रे बाबा," त्या म्हणाल्या. "बऱ्या वेळार इलंस."

मी चप्पल हातात धरून दारातच उभा राहिलो. पुढची वीट आली, ती तिठो होती.